लोणंदच्या तळावरच्या मावशींना

मावशी, रामकृष्ण हरी.

वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात, त्यामुळे तुमचं नाव मला माहीत नाही. म्हणून हे उघड पत्र.

माउलींच्या पालखीबरोबर लोणंदला पोचले तेव्हा माझ्या टाचेला मोठा फोड आला होता. तुम्ही सुई तापवून घेतलीत, हळद लावलेला दोरा फोडातून ओवलात आणि पाणी झिरपून जावं म्हणून दोन्ही टोकं बाहेर सोडलीत. मला बोलतं ठेवायला गाव विचारलंत. परभणी म्हटल्यावर म्हणालात, "अगं, आमच्या मागच्या दिंडीत परभणीच्या गणिताच्या बाई आहेत की!"

रथापुढच्या काय, रथामागच्या काय, दिंड्यांचा क्रम ठरलेला. पुढची-मागची दिंडी वर्षानुवर्षं तीच, म्हणून टँकरपाशी पाणी भरताना झालेल्या ओळखीही टिकतात. तरी लाखोंच्या गर्दीत कुणासाठी तरी उठून जाणं सोपं नसतं. दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं, तरडगावला समाजआरती झाली, चोपदारांनी हरवल्या-सापडल्याची यादी वाचली. तुमच्यापुढे अख्ख्या दिंडीच्या भाकऱ्या होत्या. तरी परात बाजूला सारून, माझा हात धरून तुम्ही राहुट्यांमधून निघालात.

बाईंनी मला लगेच ओळखलं. "एकोणतीसचा पाढा येतो का अजून?" आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या विहीणबाई! बघते तर आमच्या ठाण्याच्या बँकेत कितीतरी वर्षं माझ्या बाजूच्या काउंटरवर बसलेल्या मॅडम. त्या निवृत्त झाल्या, नंबर बदलला आणि संपर्क तुटला होता. त्यांची मुलगी माझ्या बाईंची सून झालीय, हे मला कुठून कळणार? माझी शाळा आणि माझी नोकरी एकाच सतरंजीवर शेंगा सोलत बसली होती.

मावशी, आई गेल्यापासून तिच्याबद्दल बोलणारं माझ्याजवळ कुणी उरलं नव्हतं. त्या रात्री बाई बोलल्या. स्नेहसंमेलनाचे पोशाख आई रात्र-रात्र जागून शिवायची आणि शिलाईचा एक पैसा घ्यायची नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं. मॅडम माझी पाठ थोपटत होत्या. आणि तुम्ही? तुम्ही केव्हाच भाकऱ्यांकडे परतला होतात. तुमचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

बाई आता दर रविवारी फोन करतात. यंदा मी आळंदीपासूनच येतेय, तुमचा दिंडी क्रमांक लिहून ठेवलाय. तरडगावला परातीपुढे मला बसवा. तुम्ही पाय पसरून बसा आणि भाकरी करपली तर खुशाल रागवा.

तुमची,
परभणीची पोर