आमची पाचवी बदली

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "बारा वर्षं झाली, अजून सहायकच? आणि आता ही मोठी नोकरी सोडून छोट्या कॉलेजात?" मागे छोटी रडत होती, मला धड बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसले.

हो, ठरलंय. जानेवारीत आम्ही इथून नऊ तासांवरच्या एका गावात जातोय. पगार आत्तापेक्षा कमी आहे. पण तिथे तुमचा जावई हेड कोच असेल.

बाबा, इथल्या कॉलेज फुटबॉलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची, शिडी मला लग्नानंतरच कळली. खेळणं संपलेला मुलगा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागतो. एमएचं शिक्षण, हातात थोडा भत्ता, आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत समोरच्या संघाच्या सामन्यांची फिल्म बघून एकेक डाव वेगळा काढायचा. आमची ओळख झाली तेव्हा हा तेच करत होता. लॅपटॉपवर तीच आठ सेकंदं पुन्हापुन्हा मागे घ्यायचा आणि बचावातल्या एकाच खेळाडूच्या पायांकडे बघायचा. त्याचा डावा पाय जरा मागे असला की तो धावून येणार, हे त्याने मला दाखवलं होतं. पुढच्या डावाला तो खरंच धावून आला!

त्यानंतर पोझिशन कोच, म्हणजे एकाच तुकडीचा. हा रिसीव्हरचा, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांचा आहे. त्याच्या वर कोऑर्डिनेटर, ज्याच्याकडे आक्रमणाचा नाहीतर बचावाचा अख्खा कारभार असतो. मोठी कॉलेजं हेड कोच शोधताना आधी कोऑर्डिनेटरांकडे बघतात, नाहीतर दुसरीकडचा हेड कोच उचलून आणतात. पोझिशन कोचकडे सहसा कुणाची नजर जात नाही. क्लेमसन विद्यापीठात २००८ मध्ये हंगामाच्या मध्यातच हेड कोच गेले आणि डाबो स्विनी या रिसीव्हरच्या कोचकडे संघ आला. पुढे त्यांनी दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पण असं नशीब क्वचित. निक सेबन, या खेळातलं मोठं नाव, १९७३ मध्ये केंट स्टेट विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागले, कारण बायकोचं शिक्षण संपायचं होतं. हेड कोच झाले १९९० मध्ये, टोलेडोला. मधली सतरा वर्षं गावं बदलण्यात गेली.

या बदल्यांचंच आईला वाईट वाटतं, ते मला कळतं. इथे हेड कोचला काढलं की त्याचे बहुतेक सहायकही जातात. याआधीच्या कॉलेजात रविवारी सकाळी हेड कोच गेल्याची बातमी आली. सोमवारी हा आपली पुस्तकं आणायला गेला, तर ऑफिसच्या दाराला कार्ड लावलं आणि दार उघडेना. बाबा, तुमच्या बदलीची ऑर्डर निदान हातात यायची. त्या दिवशी मी सहा महिन्यांची गरोदर होते. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, रागावू नका.

तर आता तो छोटं कॉलेज का घेतोय. कर्ट सिग्नेटी म्हणून एक कोच आहेत. अलाबामा विद्यापीठात सेबनच्या हाताखाली ते रिसीव्हर सांभाळायचे आणि नव्या मुलांची भरती बघायचे. २०११ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते सगळं सोडून इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया या डिव्हिजन टूच्या, म्हणजे खालच्या गटातल्या कॉलेजात हेड कोच झाले. त्यांचे वडीलही तिथेच हेड कोच होते. मोठ्या कॉलेजांत तेव्हा ८५ शिष्यवृत्त्या असायच्या, डिव्हिजन टूला ३६, त्याही मुलांमध्ये वाटून द्यायच्या. तिथून ते एलॉनला गेले, मग जेम्स मॅडिसनला, आणि २०२४ मध्ये इंडियाना विद्यापीठात, जे त्या आधीच्या कॉलेजाहून वेगळं आणि मोठं. त्या विद्यापीठाने सगळ्या इतिहासात एका हंगामात दहा सामने कधी जिंकले नव्हते. यांनी पहिल्याच वर्षी अकरा जिंकले.

हाही असाच वर जाईल असं मी म्हणत नाही. पण संघ चालवता येतो की नाही हे तो चालवल्याशिवाय कळत नाही, आणि मोठ्या ठिकाणी चालवायला कुणी देत नाही. बाबा, तुम्हीही पुण्याच्या शाखेतलं टेबल सोडून शाखाधिकारी म्हणून सिरोंच्याला गेला होतात. सगळे तुम्हाला वेड्यात काढत होते. मी सात वर्षांची होते. पहिल्या दिवशी तुम्ही बँकेचं कुलूप स्वतः उघडलंत, आणि तुमच्या शर्टाच्या खिशात त्या किल्ल्यांचा फुगवटा होता, तो मला अजून दिसतो. परवा मी हे त्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, बाबांना विचार, पहिल्या दिवशी लोकांना काय सांगितलं होतं. तेवढं त्याला फोनवर नक्की सांगा. तुमचं इंग्रजी त्याला नीट समजतं.

आई, भाकरीचा तवा या वेळी ट्रकमध्ये टाकणार नाही, माझ्याजवळच ठेवीन. घर मिळालं की पत्ता कळवते. घरचा पहिला सामना सप्टेंबरात असेल, त्याआधी या. स्टेडियम लहान आहे, बाबांच्या गुडघ्यांना चढावं लागू नये म्हणून अगदी खालच्या ओळीतल्या दोन जागा मी आत्तापासूनच बघून ठेवल्यात.

तुमची लेक