मधले तीन महिने घर उभे ठेवायला हात द्या

कमावता माणूस गेला, अंथरुणाला खिळला किंवा दारूपायी घर टाकून गेला, की नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या भाड्याच्या खोल्यांत पंधरा दिवसांत डबे रिकामे होतात. पुढच्या महिन्यात भाडे थकते. मुलगा शाळा सोडून कामाला लागतो तो इथेच, आणि मुलीला नातेवाईक स्थळ सुचवू लागतात. सरकारी मदत आहे. बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. पण अर्ज, गृहभेट आणि बाल कल्याण समितीचा आदेश होईपर्यंत घर थांबत नाही. त्या मधल्या दिवसांसाठी हे आवाहन.

अडते ते बहुतेक वेळा कागदांवर. आईच्या आधारवर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे, मृत्यू दाखल्यात एक अक्षर वेगळे. एवढ्यावर अर्ज परत येतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली तर शुल्क नाही, वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणून पहिल्याच भेटीत पेटीतली कागदांची पिशवी फरशीवर रिकामी करून आम्ही एकेक नाव जुळवतो.

मारहाण असलेल्या घरी आमच्यातल्या दोघी जातात. एक सासूला अंगणात बोलण्यात गुंतवते, दुसरी ओट्यापाशी बाईशी बोलते. सगळ्यांसमोर विचारले तर ‘पायरीवरून पडले’ एवढेच उत्तर येते. ‘मिटवून घ्या’ असे आमच्याकडून कधीच सांगितले जात नाही. तिची तयारी असेल तर घरगुती हिंसेच्या तक्रारी पाहणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेतो, आणि त्याआधी तिचे कागद विश्वासू शेजारणीकडे ठेवायला सांगतो.

चौघांच्या घराला पंधरा दिवसांसाठी पीठ १० किलो, तांदूळ ५ किलो, तूरडाळ २ किलो, तेल २ लिटर, शिवाय मीठ, साखर, चहा, साबण लागतो. डाळ बंद पाकिटातलीच द्या, सुटी पावसाळ्यात किडते. जुने कपडे कृपया नकोत. भाड्यासाठी दिलेली रक्कम थेट घरमालकाला पावती घेऊन देतो, कारण रोख घरी गेली तर उधारीवाले आधी दारात येतात.

आठवड्यातून अर्धा दिवस तहसील कार्यालयात सोबत येणारे, अर्ज नीट लिहून देणारेही हवेत. गृहभेटीला नवख्यांना एकटे पाठवत नाही.

मूल धोक्यात दिसले तर १०९८, महिलेसाठी १८१, तातडीला ११२ लावा. आणि मदत देताना मुलांचे फोटो काढू नका. त्याच वस्तीत, त्याच शाळेत त्यांना उद्या जायचे असते.