खेळाडूंचे पगार आणि तिकिटाचे दर: लिव्हरपूलहून मित्रास पत्र

लिव्हरपूल,
१२ एप्रिल २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

तुझे पत्र मिळून पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू विचारलेला प्रश्न दोन ओळींत मिटणारा नाही. ‘एकेका फुटबॉल खेळाडूला आठवड्याला तीन-तीन लाख पौंड मोजायचे म्हटल्यावर तिकीट महागणारच, मग तिथले प्रेक्षक ओरडतात कशाला?’ असे तू लिहिले आहेस. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर ज्यांचा खेळ पाहत आपण मोठे झालो, ती पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांची पोरे दिवसभर दुसरे काम करून सरावाला येत असत. त्यामुळे हे आकडे तुला खुपतात, हे मला कळते. इथे आल्यावर पहिली काही वर्षे मलाही तसेच वाटत असे. आता माझे मत बदलले आहे आणि ते का बदलले, हे तुला नीट सांगायचे आहे.

सुरुवात ६ फेब्रुवारी २०१६ च्या दुपारपासून करतो. अ‍ॅनफिल्डवर म्हणजे लिव्हरपूल क्लबच्या मैदानावर संडरलँडविरुद्ध सामना होता. त्याच आठवड्यात क्लबने पुढच्या हंगामाचे दर जाहीर केले होते आणि नव्या मुख्य स्टँडमधले सर्वांत महाग तिकीट ५९ पौंडांवरून ७७ पौंडांवर नेले होते. चाहत्यांच्या संघटनांनी ठरवले की सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडायचे. माझ्या शेजारच्या घरातले आजोबा, ज्यांच्यामुळे मला त्या दिवशी कॉप या स्टँडवर जागा मिळाली होती, पोरवयापासून त्या स्टँडवर येत आहेत. शेवटची शिटी वाजण्याआधी आपण कधीही मैदान सोडलेले नाही, असे ते वाटेत मला सांगत होते. लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे होते. ७७ वे मिनिट लागले, तसे ते उठले, गळ्यातला लाल स्कार्फ नीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवला आणि मैदानाकडे एकदाही न पाहता पायऱ्या उतरू लागले. आमच्या मागेपुढे सुमारे दहा हजार माणसे उतरत होती. आम्ही रस्त्यावर असतानाच संडरलँडने दोन गोल फेडले आणि सामना बरोबरीत सुटला. चार दिवसांनी मालकांनी जाहीर माफी मागितली, ७७ पौंडांचे तिकीट रद्द केले आणि ५९ पौंडांचा दर दोन हंगाम न वाढवण्याचे कबूल केले. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेतल्या सर्व क्लबांनी पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा ३० पौंड ठरवली आणि ती आजही तितकीच आहे.

त्या दिवशी बाहेर पडलेल्या माणसांच्या तोंडी एकाही खेळाडूचे नाव नव्हते. त्यांचा सगळा राग मालकांवर होता, आणि याचे कारण मला पुढे हिशेब करून पाहिल्यावर उमगले. तूही करून पाहा. अ‍ॅनफिल्डवर आता सुमारे ६१ हजार माणसे बसतात आणि घरच्या मैदानावर लीगचे १९ सामने होतात. प्रत्येक तिकिटावर सरसकट दोन पौंड वाढवले, तर वर्षाला सुमारे २३ लाख पौंड जास्त मिळतात. ज्या खेळाडूचा पगार आठवड्याला साडेतीन लाख पौंड असल्याचे वर्तमानपत्रे छापतात, त्याच्या एकट्याच्या पगाराला ही रक्कम सात आठवडेही पुरत नाही. म्हणजे क्लबच्या तिजोरीत ही वाढ जेमतेम दिसते. पण दोन मुलांना घेऊन येणाऱ्या इथल्या बसचालकाला ती दर सामन्याला जाणवते.

खेळाडूंच्या पगाराचा इतिहासही तुला माहीत असायला हवा. जानेवारी १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त वेतन देण्यास नियमाने बंदी होती. १९४८-४९ च्या हंगामात लीगचे सामने पाहायला चार कोटींहून अधिक प्रेक्षक आले, स्टँड ओसंडून वाहिले. पण ज्यांना पाहायला ते येत होते, त्यांच्या वेतनावर झाकण घट्ट बसवलेले होते. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली, तेव्हा कुठे ती मर्यादा उठली आणि फुलम क्लबच्या जॉनी हेन्स यांना आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवण्याच्या पद्धतीविरुद्ध जॉर्ज ईस्टहॅम यांना न्यायालयात जावे लागले आणि १९६३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. हे वाचल्यापासून खेळाडूचा पगार पाहून माझ्या कपाळाला आठी पडत नाही. खेळातून पैसा निघतच असेल, तर त्यातला मोठा वाटा ज्याचे गुडघे त्यात झिजतात त्याला मिळावा, हेच मला रास्त वाटते.

तिकीट मात्र वेगळ्या वाटेने वाढत गेले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर जी चेंगराचेंगरी झाली, तिच्यात लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचा जीव गेला. येत्या मंगळवारी तिला ३६ वर्षे होतील आणि त्या दिवशी इथे मोठ्याने बोलावेसेही वाटत नाही. त्यानंतर लॉर्ड टेलर यांच्या अहवालाने मोठ्या मैदानांवर उभे राहून सामना पाहणे बंद करून सर्वांना खुर्च्या द्यायला सांगितले. त्याच अहवालात त्यांनी लिहिले होते की आज उभे राहणाऱ्यांच्या खिशाला परवडतील असे स्वस्त खुर्च्यांचे दर ठेवता येतील, आणि ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचे उदाहरण दिले होते: खुर्ची सहा पौंड, उभे राहायला चार. क्लबांनी खुर्च्या बसवल्या आणि दरांविषयीचे ते वाक्य सोडून दिले. मेलेल्यांच्या नावाने झालेल्या सुधारणेतून जिवंतांना बाहेर काढले गेले, असे शेजारचे आजोबा म्हणतात, आणि मला त्यावर उत्तर सुचत नाही.

१९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पाच वर्षांचे ३०.४ कोटी पौंड झाले होते. २०१६ पासूनच्या तीन वर्षांसाठी देशांतर्गत हक्कच ५१३ कोटींहून अधिक पौंडांना गेले. खेळाडूंचे पगार चढले ते प्रामुख्याने या पैशाच्या लाटेवर. आणि तो पैसाही शेवटी घरोघरी महिन्याची वर्गणी भरणाऱ्या चाहत्याचाच आहे.

आता तुझ्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे मीच मांडतो. २०२३-२४ मध्ये लिव्हरपूल क्लबचे उत्पन्न ६१.४ कोटी पौंड होते, त्यातले १०.२ कोटी सामन्यांच्या दिवसांचे, पगारावर ३८.६ कोटी खर्च झाले आणि वर्षाअखेर ५.७ कोटींचा तोटा झाला. मग तोटा भरायला दर वाढवले, तर चूक काय? माझे उत्तर असे की हा तोटा क्लब खेळाडूंसाठी एकमेकांवर चढाओढीने बोली लावतात त्यातून येतो. उद्या सगळ्यांनी तिकिटे दुप्पट केली, तरी ती भर त्याच बोलीत जिरेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोटाच दिसेल. चाहत्याच्या खिशातून हे भोक बुजणारे नाही. शिवाय तो दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. आपल्या पेठेची तालीम महाग झाली म्हणून तू शेजारच्या पेठेच्या बाजूने ओरडशील का? हे मालकांना पक्के ठाऊक आहे, आणि म्हणूनच गेल्या हिवाळ्यात मँचेस्टर युनायटेडने भर हंगामात उरलेली तिकिटे ६६ पौंडांची केली, मुलांना आणि वृद्धांना कसलीही सवलत न ठेवता. हे मला लुबाडणे वाटते.

लढल्यावर फरक पडतो, हेही खरे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दोन टक्के दरवाढीच्या निषेधार्थ इटलीच्या आतालांता क्लबविरुद्धच्या सामन्यात कॉपवर एकही मोठा झेंडा लागला नाही. ज्या रंगांची चित्रे दाखवून ही लीग जगभर विकली जाते, तेच त्या रात्री नव्हते. यंदा मार्चअखेर क्लबने पुढच्या हंगामाचे दर न वाढवण्याचे जाहीर केले. आजोबांना ते वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि नातवाचा विषय काढला. मुलगा बारा वर्षांचा आहे, मैदानापासून चालत वीस मिनिटांवर राहतो, आणि पूर्ण हंगामाच्या तिकिटाची प्रतीक्षायादी इतकी लांब आहे की त्याचे नाव लागेपर्यंत तो स्वतः बाप झालेला असेल. सामन्याच्या दिवशी तो घरी बसून टीव्ही पाहतो आणि खिडकीतून येणारा गलका टीव्हीवरच्या गोलाआधी ऐकतो. मी परदेशातून येऊन त्या स्टँडवर बसलो आणि तो अजून बसलेला नाही, ही गोष्ट मला प्रत्येक सामन्याला आठवते.

आजोबांना मी आपल्या शाहू स्टेडियमविषयी, पेठांच्या ईर्षेविषयी पुष्कळ सांगितले आहे. त्यांनी तुला एक प्रश्न विचारायला सांगितला आहे: यंदा तिथे तिकीट किती आहे, ते कोण ठरवते आणि लहान मुलांना किती पडते? तालमीत विचारून सविस्तर कळव. उत्तर आले की त्यांना भाषांतर करून वाचून दाखवीन.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
जिवलग मित्र