दिव्याच्या खोक्यावर रंगदर्शनाचा आकडाही ठळक हवा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवा विकत घेताना आपण वॅट पाहतो, फार तर उजेड पिवळसर आहे की पांढराशुभ्र, हे विचारतो. त्या उजेडात वस्तूंचे रंग कसे दिसतील, ही चौकशी मात्र क्वचितच होते. रंग पारखून घेण्यावर ज्यांचे काम अवलंबून आहे, त्यांच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे, म्हणून हे पत्र.

वस्तूला स्वतःचा कायमचा रंग असतो, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात वस्तू अंगावर पडलेल्या प्रकाशातल्या काही तरंगलांबी शोषते आणि काही परावर्तित करते. जी तरंगलांबी मुळात दिव्यातूनच निघत नाही, ती वस्तू कुठून परत पाठवणार? न्यूटनने १६७२ साली रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात हे स्पष्ट लिहिले आहे. अंधाऱ्या खोलीत एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर शेंदूर आणि निळी भुकटी या दोन्ही वस्तू त्या प्रकाशाच्याच रंगाच्या दिसतात. फरक एवढाच, की शेंदूर लाल प्रकाशात अधिक झळाळतो आणि निळी भुकटी निळ्या प्रकाशात.

याचा पडताळा कुणालाही घेता येईल. पांढऱ्या कागदावर लाल आणि निळ्या शाईने शेजारी शेजारी दोन ओळी लिहाव्यात, खोलीत पूर्ण अंधार करावा आणि विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर लावून तो उजेड कागदावर पाडावा. लाल ओळ जवळजवळ नाहीशी होते, कारण पांढरा कागद आणि लाल शाई दोन्ही लाल प्रकाश सारख्याच प्रमाणात परत पाठवतात. निळी ओळ मात्र काळी होऊन उठून दिसते. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा बहुतेक सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटर या पिवळ्या तरंगलांबीच्या आसपास एकवटलेला असतो, त्यामुळे त्याखाली सगळ्याच वस्तू पिवळ्याच्या फिकट-गडद छटांत दिसतात आणि गर्द निळे कापड काळे भासते.

रोजच्या दिव्यांत हा दोष इतका उघड नसतो आणि म्हणूनच तो लक्षात येत नाही. उजेडाची एकूण छटा बदलली, तर डोळे आणि मेंदू तिच्याशी जुळवून घेतात, त्यामुळे पिवळसर दिव्याखालीही कागद आपल्याला पांढराच वाटतो. परंतु वर्णपटातला, म्हणजे प्रकाशातल्या रंगांच्या पट्ट्यातला, गाळलेला भाग मेंदू भरून काढू शकत नाही. एका दिव्याखाली तंतोतंत जुळणारे दोन कापडांचे तुकडे उन्हात नेल्यावर वेगळे दिसतात, त्याचे कारण दोन्ही प्रकाशांच्या वर्णपटांतला फरक हेच असते. खोक्यावरचा केल्विनचा आकडा याबाबत उपयोगी नाही; तो प्रकाशाची छटा सांगतो, रंग किती खरे दिसतील ते सांगत नाही.

त्यासाठी सीआरआय, म्हणजे रंगदर्शन निर्देशांक आहे. त्याची कमाल मर्यादा १०० असून तापलेल्या तारेचे जुने बल्ब तिच्या अगदी जवळ पोहोचत असत. मात्र हा निर्देशांक आठ ठरावीक, बऱ्याचशा फिकट रंगनमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लाल नमुना, ज्याला आर-९ म्हणतात, त्या आठांत धरलेलाच नाही. निळा प्रकाश देणाऱ्या चिपवर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा प्रकाश देणारा लेप, लावून तयार होणाऱ्या पांढऱ्या एलईडीत नेमका गडद लाल भाग तोकडा असू शकतो. परिणामी ८० सीआरआय असलेल्या दिव्याचा आर-९ शून्याच्या आसपासही असू शकतो आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

घराच्या व्हरांड्यात याने फारसे बिघडत नाही. परंतु रुग्णाच्या ओठांवर किंवा नखांवर रक्तात ऑक्सिजन कमी असल्याची निळसर झाक आहे की नाही, हे डॉक्टरांना उजेडातच पाहावे लागते. ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित रक्तातला फरक प्रकाशाच्या लाल पट्ट्यात विशेष ठळक असतो. तोच पट्टा दिव्यात क्षीण असेल, तर निष्णात डोळाही फसू शकतो. तपासणीच्या खोलीसाठी केवळ वॅट आणि किंमत पाहून दिवे घेणे मला अक्षम्य वाटते. कापड रंगवणारे, छपाई करणारे आणि चित्रांची डागडुजी करणारे यांचेही कामच या लाल पट्ट्यावाचून अडते.

उत्पादकांनी सीआरआय आणि आर-९ हे दोन्ही आकडे वॅटइतक्याच मोठ्या अक्षरांत खोक्यावर छापावेत, ही माझी मागणी आहे. रुग्णालयांनी आणि प्रयोगशाळांनी खरेदीच्या अटींतच या दोन्हींची किमान मर्यादा घालावी. तोवर ग्राहकांनी हे आकडे दुकानदाराकडे आवर्जून मागावेत आणि रंगाचा निर्णय महत्त्वाचा असेल, तेव्हा वस्तू दिवसाच्या उजेडात नेऊन पाहावी.

आपला नम्र,
एक वाचक