घोड्याला ‘ग्लॅमर’ होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजाराचं पान आणि त्याखालची ‘घोडा : थोडक्यात ओळख’ ही चौकट वाचली. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण रात्री झोप लागेना. हे पत्र छापून येईस्तोवर यात्रेतले घोडे आपापल्या गावी पोचलेले असतील, म्हणजे हे वरातीमागून घोडंच. तरी लिहितो.

आधी तो निळा घोडा. एका व्यापाऱ्याने आपला घोडा ‘निळा’ असल्याचा ‘दावा केला’, आपल्या प्रतिनिधींना मात्र तो ‘चक्क राखाडी’ दिसला. पुढे तीन उद्गारचिन्हं. अहो, चंपाषष्ठी होऊन पंधरवडा झाला नाही. तुमच्या कार्यालयात एकाच्याही घरी तळी भरत नाहीत का? ‘सोन्याची जेजुरी, निळा घोडा, पाव में तोडा’ म्हणताना दौतीत बुडवून काढलेला घोडा डोळ्यांपुढे येतो की काय? काळ्या-पांढऱ्या केसांची मिसळ झाली की उन्हात अंगावर जी निळसर झाक येते, त्या रंगाला घोडेवाले निळा म्हणतात. असं शिंगरू जन्मतं काळं नाहीतर तांबूस, वर्षं जातात तसं पांढरं होत जातं, आणि म्हातारपणी दुधासारखं दिसलं तरी नाकपुडीजवळची कातडी काळीच राहते. जेजुरीच्या तसबिरीतला देवाचा घोडा पांढरा आणि तळीतला निळा कसा, असं मी लहानपणी विचारलं होतं. अण्णा म्हणाले, “घोडा त्योच हाय, तसबीर उशिरा काढली.” आणि ज्या यात्रेत ‘चेतक फेस्टिव्हल’ची कमान उभी असते तिथे निळ्या घोड्याला हसायचं? राजस्थानात राणा प्रतापांना निळ्या घोड्याचा स्वारच म्हणतात.

अण्णा म्हणजे माझे वडील. स्टँड ते स्टेशन टांगा चालवायचे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातली काही माणसं अजून हयात आहेत.

चौकटीत घोड्याच्या ‘जाती’ दिल्या आहेत : मारवाडी, काठियावाडी, अबलक, नुकरा, पंचकल्याणी. पहिल्या दोन जाती, पुढची सगळी अंगावरची रंगखूण. उद्या माणसांच्या जातीत ‘गोरा’ आणि ‘टकला’ टाका! अबलक म्हणजे अंगावर पांढरे मोठे पट्टे असलेला, मग तो कुठल्याही जातीचा असो. पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं. नुकरा जन्मापासून पांढरा आणि कातडी गुलाबी. त्याला तुम्ही कंसात ‘अल्बिनो’ म्हटलंय, तेही चूक, कारण त्याचे डोळे बहुधा चांगले काळेभोर असतात. तांबूस अंग आणि काळी आयाळ-शेपूट असलेला कुमैत, ज्याचे घोडे सगळ्यात जास्त दिसतात, तो रंग चौकटीत नाहीच. भीमथडीही नाही. आपल्याच भीमाकाठचं तट्टू, स्वतंत्र जात म्हणून त्याची आता राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. पण मारवाडीचे कान टोकाला एकमेकांना भिडतात, त्यांचा फोटो चांगला येतो. भीमथडीचे कान बिचारे सरळ.

उंचीचं तर विचारूच नका. फोटोखाली ‘आठ फुटी राजबिंडा’. जगातला आजवरचा सगळ्यात उंच घोडा म्हणून ज्याची नोंद आहे, तो इंग्लंडचा सॅम्पसन, साडेशहाऐंशी इंच होता. म्हणजे सव्वासात फुटांच्याही आत. घोड्याची उंची कानाच्या टोकापर्यंत मोजत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापर्यंत मोजतात. कान धरून मोजायचं तर फेटा बांधलेला प्रत्येक नवरदेव सहा फुटी. ‘घोड्याचे मागचे गुडघे उलटे वाकतात’ हेही असंच. तो गुडघा नव्हे, ती टाच. खरा गुडघा वर, पोटाशी असतो. पुढच्या पायाचा ज्याला तुम्ही-आम्ही गुडघा म्हणतो ते हाडांच्या हिशेबाने मनगट, आणि खूर म्हणजे एकाच बोटाचं नख. एवढं मोठं जनावर चार बोटांवर उभं असतं. चौकटीत छापायची गोष्ट ही होती.

आता आजार. ‘ग्लॅमर हा नाकाचा आजार घोड्यांमध्ये आढळतो.’ हे वाचून माझा मुलगा चहा सांडेस्तोवर हसला. मी हसलो नाही. तो ग्लँडर्स. जुनी माणसं शेंबा म्हणत. नाकातून चिकट शेंबूड, आत जखमा, पायांवर गाठी. माणसालाही होतो, आणि रक्ताच्या तपासणीत जनावर सापडलं तर उपचार करत नाहीत, मारून खोल पुरतात. ज्याच्या दारात एकच घोडा आहे त्याला विचारा यात ग्लॅमर किती ते. मुद्रणदोष असेल, मान्य. पण एवढी माणसं पान वाचून पुढे पाठवतात, त्यातल्या एकालाही खटकू नये?

आणि त्याच्याच खाली : ‘पोटदुखी – किरकोळ आजार, आपोआप बरा होतो.’

संपादक महाशय, पत्र खरं तर या ओळीसाठी लिहितोय. आमच्या घोडीचं नाव तुळशी. मी तेव्हा सातवीत होतो. संध्याकाळी तिने तोबऱ्यातली चंदी तशीच ठेवली. मग मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघायला लागली, जसं कुणी मागून हाक मारतंय. पुढच्या पायाने फरशी उकरायची, बसायची, उठायची, परत बसायची. कानामागे घाम. अण्णांनी तिच्या कुशीला कान लावला. एरवी तिथे घागर हिंदकळल्यासारखा आवाज असायचा. मलाही कान लावायला लावला. काहीच नव्हतं. त्यांनी मोहरकी धरून तिला चौकात फिरवायला सुरुवात केली आणि मला सांगितलं, “पळ दवाखान्यात. म्हणावं घोडीला कुरकुरी लागलीय, दुपारधरनं लीद न्हाई.”

कुरकुरी म्हणजे घोड्याचा पोटशूळ. आमच्या पागेत हाच शब्द. दवाखान्यात रात्री जे होते त्यांनी रजिस्टर उघडलं आणि माझ्यासमोर, गोल गोल अक्षरात लिहिलं : ‘जनावर – घोडी. तक्रार – कुरकुर करते.’ लीद नाही हे मी दोनदा सांगितलं, ते लिहिलंच नाही. म्हणाले, कुरकुर करत असेल तर करू दे, सकाळी साहेब येतील.

साहेब आले नऊला. माणूस चांगला होता. घोड्याला ओकता येत नाही, पोटात जे अडकलं ते अडकलं, म्हणून नाकातून नळी घालून तेल सोडलं. रात्रीच का नाही बोलावलं, असं अण्णांवरच ओरडले. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि गप्प राहिले. तुळशी साडेअकराला गेली. रात्रभर चौकात ती आणि अण्णा ज्या वर्तुळात फिरले, तिथली माती बरेच दिवस दबलेली दिसत होती. टांगा पुढे तीन महिने भाड्याच्या घोड्यावर चालला, मग विकला.

तेव्हा किरकोळ म्हणू नका. घोडे दगावतात त्यांतले कितीतरी पोटानेच दगावतात. चौकट वाचून एखाद्याने ‘आपोआप बरं होईल’ म्हणून रात्र काढली, तर तुमचे प्रतिनिधी तिथेही तीन उद्गारचिन्हं देणार आहेत का? दुरुस्ती छापा. पान सातवर निविदांच्या खाली नको, जिथे चौकट होती तिथे, तेवढ्याच आकारात. आषाढात रिंगणातल्या घोड्याला तुम्ही भक्तिभावाने ‘अश्व’ लिहिता. मार्गशीर्षात त्याचं ‘देखणे जनावर’ का होतं, तेही जाता जाता कळलं तर बरं.

ता. क. घोड्याचाच विषय आहे म्हणून : मागच्या रविवारच्या शब्दकोड्यात आडवा शब्द १४, ‘घोड्याचे खाद्य, दोन अक्षरे’. मी ‘चंदी’ लिहिलं. तुमचं उत्तर ‘चारा’. चारा गाईलाही घालतात आणि म्हशीलाही. घोड्याचं म्हणून जे खाद्य ते चंदीच. त्या ‘चंदी’मुळे माझे उभे दोन शब्द अडले आणि कोडं अर्धवट राहिलं. शिवाय उत्तरं उलटी आणि मुंगीएवढ्या अक्षरात छापता, ती वाचायला भिंग लागतं.

आपला,
एका टांगेवाल्याचा मुलगा
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे.)