गाडी अडवल्यावर एवढं एक विचारा

प्रति,
मंत्रिमहोदय, होमलँड सिक्युरिटी विभाग,
वॉशिंग्टन डी.सी.

स. न. वि. वि.

मी मूळचा साताऱ्याचा, आता तुमच्या देशाचा नागरिक. ‘तुमच्या’ चुकून लिहिलं. शपथ घेतली आहे, तेव्हा आपल्याच. आपल्या सैन्यात राहिलेल्या, पण नागरिक न झालेल्या माणसांना तुमचं खातं हद्दपार करतं, त्याबद्दल हे पत्र.

माझे आजोबा पलटणीत होते. त्यांचं डिस्चार्ज बुक पत्र्याच्या ट्रंकेत, धोतरात गुंडाळलेलं असे. एसटीच्या कंडक्टरनं आवाज चढवला तरी ते एवढंच म्हणत, “मिल्ट्रीमन आहे मी.” पुढचा माणूस नरमायचा.

इथं तसा कागद म्हणजे डीडी-२१४. पण तो विचारतं कोण? ग्रीन कार्डवाल्या माजी सैनिकाच्या गाडीचा मागचा दिवा बंद असतो, लायसन्सची मुदत संपलेली असते. पोलीस ठाण्यात नेऊन त्याची बोटं काचेवर टेकवली जातात आणि ठसे एफबीआयमार्फत तुमच्या खात्याकडे जातात. पंधरा वर्षांपूर्वीची अमली पदार्थांची केस वर येते. शिक्षा भोगून झालेली असली तरी डिटेनर लागतो, म्हणजे ‘याला सोडू नका, आमच्या ताब्यात द्या’ असा तुमच्या खात्याचा निरोप येतो. त्याच बोटांचे ठसे भरतीच्या वेळीही सरकारनंच घेतले होते, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही!

गुन्हा माफ करा असं मी म्हणत नाही. पण १९९६च्या कायद्यानं अशा बऱ्याच प्रकरणांत न्यायाधीशांचे हात बांधले. युद्धाहून परतलेला माणूस दारूकडे, नशेकडे का वळला, हे ऐकून घ्यायची सोयच उरली नाही.

आणि ही माणसं नागरिक का झाली नाहीत? ११ सप्टेंबर २००१ नंतर सैन्यात असलेल्याला लगेच अर्ज करता येतो. पण भरतीची शपथ घेतली की नागरिकत्व मिळालंच, असं कित्येकांना वाटत होतं. कुणाचे कागद तैनातीच्या धावपळीत अडकले. यात चूक एकट्या शिपायाची कशी?

संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१९मध्ये सांगितलं की २०१३ ते २०१८ या काळात सुमारे २५० माजी सैनिकांवर हद्दपारीची कारवाई झाली, ९२ जणांना देशाबाहेर काढलं. तेही सापडले तेवढेच. पकडलेला माणूस सैन्यात होता का, हे विचारायची सक्तीच तुमच्या अधिकाऱ्यांवर नव्हती. २०२२मध्ये लष्करी सेवा विचारात घेण्याचा आदेश निघाला, तो २०२५मध्ये मागे घेतला गेला.

सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात असे हद्दपार सैनिक एकमेकांच्या आधारानं राहतात. सन्मानानं सेवामुक्त झालेल्याला राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळते, शवपेटीवर ध्वजही मिळतो. म्हणजे मेल्यावर त्यांना सीमा उघडी!

माझी मागणी छोटी आहे. डिटेनर लावण्याआधी “सैन्यात होतास का?” हा प्रश्न सक्तीचा करा. उत्तर ‘हो’ असेल, तर फाईल वरिष्ठांच्या सहीशिवाय पुढे सरकू देऊ नका. संरक्षण खात्याकडे नोंदी आहेतच, एक फोन पुरतो.

आपला,
न्यू जर्सीतला एक मतदार