'हँड' म्हणजे 'हस्त' नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील भाषाविषयक लेखात इंग्रजी 'हँड' हा शब्द संस्कृत 'हस्त'वरून आल्याचे ठामपणे लिहिले आहे. जर्मनच्या वर्गात हे विधान मी दर वर्षी पहिल्याच आठवड्यात ऐकते, त्यामुळे लेखकाला फारसा दोष देत नाही. परंतु ते चुकीचे आहे.

जर्मन 'हान्ट', स्वीडिश 'हांड', शेवटचा 'ड' गिळून टाकणारा डॅनिश 'होन' आणि वुल्फिला या बिशपने चौथ्या शतकात केलेल्या बायबलच्या भाषांतरातील गॉथिक या आता लुप्त झालेल्या भाषेतला 'हांदुस' ही सगळी एकाच शब्दाची रूपे आहेत. मात्र इंग्रजीसह या भाषांच्या जर्मॅनिक कुटुंबाबाहेर या शब्दाचा सर्वमान्य नातलग अद्याप सापडलेला नाही. गॉथिकमधील 'पकडणे' या अर्थाच्या एका क्रियापदाशी काही अभ्यासक त्याचा संबंध जोडतात, पण तेही नाते घरातलेच झाले.

जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोप ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमानुसार संस्कृत 'प'च्या जागी जर्मॅनिक भाषांत 'फ' आणि 'द'च्या जागी 'ट' येतो, म्हणून 'पाद' आणि 'फूट', 'दन्त' आणि 'टूथ' हे कानाला परके वाटले तरी खरोखरच एका मुळाचे आहेत. 'हस्त'मधील 'ह'च्या जागी मात्र तिकडे 'ग' यायला हवा, जसा 'हंस' या शब्दाचा सगोत्र असलेल्या जर्मन 'गान्स'मध्ये तो येतो. म्हणजे 'हँड' आणि 'हस्त' यांच्या आरंभी दिसणारा सारखा 'ह' हाच त्यांच्या नात्याविरुद्धचा पुरावा आहे. 'हस्त'चा सख्खा भाऊ पाहायचा असेल तर तो फारसी 'दस्त'. आपल्या 'जबरदस्त'मध्ये आणि 'दस्तऐवजा'त तो रोज भेटतो, पण त्याला कोणी ओळख देत नाही.

राहिला प्रश्न सारखेपणाचा. जर्मनमध्ये हातमोज्याला 'हान्टशू', म्हणजे शब्दशः 'हाताचा जोडा' म्हणतात. फळ्यावर हा शब्द लिहिला की मुले हमखास हसतात. मग मी त्यांना 'हातमोजा' या शब्दाची फोड करायला सांगते. पायातली वस्तू हातात चढवण्याची ही कल्पना दोन्ही भाषांना आपापली सुचली. कोणी कोणाकडून उसनी घेतलेली नाही.

आपली,
जर्मनची एक शिक्षिका, पुणे